पाणी खाण्याचा नियम

कोलकात्यात बागबाजारला दादाच्या घरी गेलं की वहिनी दार उघडता उघडता म्हणतात, "आले बर्गी." खालच्या मजल्यावरचे बंगाली शेजारी आम्हां मराठी माणसांना लुटारू बर्गी म्हणून चिडवतात, तो शब्द वहिनींनी वर आणलाय. त्या शनिवारी मात्र त्यांनी चिडवलं नाही. "बरं झालं आलात, भाऊजी," म्हणाल्या आणि लॅपटॉपकडे परत गेल्या.

मी कमी बोलतो. घरात, ऑफिसात, सगळीकडे माझी तशीच ओळख आहे. कमी बोलणाऱ्या माणसाला कुणी फारसं काही विचारत नाही, हे मला लवकर कळलं होतं आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

वहिनी शाळेत कंप्युटर शिकवायच्या. शाळा सांभाळून त्यांनी मराठी शुद्धलेखन तपासणारा एक प्रोग्राम लिहिला आणि ओपन सोर्स म्हणून एका साइटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्या, वापरा, बदला. अटी दोनच: मूळ नाव ठेवा, आणि सुधारणा केलीत तर तीही अशीच खुली करा. आता त्या साइटने त्यांचं पान झाकून टाकलं होतं. हा कोड आमचा आहे, चोरलेला आहे, अशी एका कंपनीची तक्रार आली होती. सोमवारपर्यंत उत्तर गेलं नाही तर पान कायमचं जाणार होतं, आणि वहिनींच्या नावावर चोरीचा शिक्का बसणार होता.

तक्रार करणारी कंपनी म्हणजे माझं ऑफिस.

"तुझीच ना रे ही?" दादाने पेपरातून डोकं वर काढून विचारलं. "सॉल्ट लेकची?"

"हो. पण वकिलांचं खातं दुसऱ्या शहरात आहे. ते एक सॉफ्टवेअर लावतात, ते आपोआप सारखे कोड शोधून तक्रारी पाठवतं. माणूस बघतही नाही."

"वा. म्हणजे चोरही नाही आणि पोलीसही नाही. नुसती तक्रार."

हे सगळं खरं होतं. तक्रारीचं मला फोनवर कळलं होतं, आणि एस्प्लनेडहून मेट्रोत बसल्यापासून मी अशीच खरी वाक्यं जमवत आलो होतो.

ओपन सोर्सबद्दल आमच्या ऑफिसात जे बोललं जातं ते एकदा सांगायला हवं. सभेत पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं की आम्हाला ओपन सोर्स फार प्रिय आहे. जेवणाच्या टेबलावर तो म्हणजे रस्त्यावरचा नळ: भांडं लावा आणि भरून घ्या. आणि वहिनींच्या प्रोग्रामला जी दुसरी अट आहे, सुधारणा खुली करण्याची, तिला आमचे साहेब 'लागण' म्हणतात. असला कोड आत आला की सगळ्या प्रॉडक्टला लागण होते, म्हणून तो आणायचा नाही, असा नियम. हा नियम मला पाठ होता. तरी एका गिऱ्हाइकाला मराठी कीबोर्ड वेळेत द्यायचा होता, आमचा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम चालत नव्हता, आणि वहिनींचा चालत होता. मी तो उचलला. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर त्यांचं नाव होतं, ते काढलं. नंतर आपलं आपण नवं लिहून हे बदलू, असं ठरवलं होतं. कीबोर्ड चालला. मला बढती मिळाली. बदललं काहीच नाही.

"मी तुमचा कीबोर्ड फोनवर घेऊन बघितला," वहिनी म्हणाल्या. "काल दिवसभर त्यात चुका लिहीत बसले होते."

"मग?"

"सगळे साधे नियम माझ्यासारखेच आहेत. ते असणारच, व्याकरण काही माझ्या बापाचं नाही. मग मी लिहिलं, 'मी चहा खाल्ला.'" त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. 'खाल्ला'खाली लाल रेघ होती, आणि वर सुचवलं होतं: प्यायला. "'पाणी खातो' लिहिलं, तिथेही तेच. 'सिगरेट खातो', तिथेही. पुण्यात कोण चहा खातं हो, भाऊजी?"

दादा हसला. मी नाही हसलो.

बंगालीत पाणीही खातात, चहाही खातात, सिगरेटही. इथे वाढलेली आमची मुलं मराठीतही तेच करतात. माझी मुलगी लहानपणी याच खोलीत म्हणाली होती, "बाबा, मी पाणी खाऊन येते." वहिनी हसून लोळल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी प्रोग्रामात तो नियम घातला. महाराष्ट्रात त्या नियमाची कुणाला गरज नाही. मी कोड उचलला तेव्हा माझ्या नजरेला तो खटकलाच नाही, कारण मला ती चूक अगदी नेहमीची वाटते.

"तुमच्या ऑफिसात आपलं कुणी आहे का?" वहिनींनी विचारलं. "इथलं, मराठी?"

त्यांना संशय नव्हता. खरंच माहिती हवी होती म्हणून विचारत होत्या, आणि म्हणून ते जास्त कठीण गेलं. ऑफिसात मराठी मी एकटा.

"मीच," मी म्हणालो.

"तुम्ही सोडून हो."

"मी सोडून कुणी नाही, वहिनी. मीच घेतला तो."

दादाने पेपर खाली ठेवला. वहिनी स्क्रीनकडे वळल्या. मला वाटलं, रडतील. मग म्हणाल्या, "माझं नाव काढलंत ते एकेका फाइलमधून, की सगळीकडून एकदम?"

"एकदम. एकाच कमांडने."

"हं," त्या म्हणाल्या. "मीही तसंच काढलं असतं."

मी म्हणालो, सोमवारी सकाळी साहेबांशी बोलतो, ते तक्रार मागे घेतील, कुणाचं नाव न येता मिटेल.

"कुणाचं नाव न येता?" दादा म्हणाला. "हिचं तर आलंय ना. जगभर."

"नोकरी जाईल रे दादा. पोरीचं शिक्षण अजून..."

"पोरीला कारण नको करू."

वहिनींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "उत्तरात लिहावं लागतं की कोड तिकडे कसा गेला. ते मला माहीत नाही. तुम्हाला आहे. लिहा."

मी लिहू लागलो. हा प्रोग्राम मूळ यांचाच आहे. त्यातला काही भाग कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये वापरला गेला. मूळ नाव काढलं गेलं. खाली माझं नाव, हुद्दा. कंपनीच्या वकिलांनाही प्रत. वहिनी खांद्यामागून वाचत होत्या. वीस वर्षं मी असली वाक्यं लिहिलीयेत, ज्यात काम होतं पण करणारा कुणी नसतो.

"हे 'वापरला गेला' काय आहे?" त्यांनी विचारलं. "आपोआप गेला का?"

मी ते खोडून लिहिलं: मी घेतला.

"आणि नाव?"

मी लिहिलं: मी काढलं.

"आता बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या, आणि मी थांबलोय हे बघूनही त्यांनी हात पुढे केला नाही. पाठवायचं बटण मलाच दाबावं लागलं.