भटू मिस्तरींची पाठ

काम संपलं की भटू मिस्तरी कधी बसून चहा प्यायचे नाहीत. दाराची चौकट असो, कपाट असो की लग्नाचा मांडव, जे काही उभं केलं असेल त्याला पाठ लावून ते उभे राहायचे, सगळं अंग त्याच्यावर सोडून द्यायचे आणि हाक मारायचे, "च्या आना! बशी भरीसन आना!" मग काठोकाठ भरलेली बशी दोन्ही हातांत धरून सावकाश फुरके मारायचे. चहाचा थेंब सांडला तर काम नापास. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. सुतारकामाला पांढरा शर्ट कोण घालतं हो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डाग पडना तर गावले दिसाले पायजे, मास्तरीन."

मी शहाद्याच्या शाळेत शिकवते, म्हणून मी मास्तरीन. माझ्या आईला ते बहीण मानायचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायची. पण खरं सांगते, मामा कमालीचे हेकट होते. लाकडाच्या बाबतीत तर विचारूच नका. त्यांचं एक ठरलेलं होतं, खांब म्हणजे जमिनीत गाडलेलाच. "गाडना नही तो खांब नही, ती काठी शे," असं ते भर चौकात ऐकवायचे.

प्रकाशा गावात आमचं घर तापीच्या उतारावर आहे. स्वयंपाकघराच्या मागे वडिलांनी लाकडी तुळया पुढे काढून त्यांवर फळ्या ठोकल्या होत्या. आम्ही तिला माची म्हणतो. खाली पोकळी, त्याखाली बाभळी आणि पुढे नदी. वडील गेल्यावर आईचा सगळा जीव या माचीत. मिरच्या तिथे वाळायच्या, लसूण तिथे सोलला जायचा, आणि संध्याकाळी देवळातल्या घंटा ऐकत ती कठड्याला टेकून बसायची. कठडा बांबूचा, जुना. एका संध्याकाळी ती टेकली आणि बांबू कडकन मोडला. हातातला तांब्या खाली बाभळीत गेला, आई फळीला धरून कशीबशी राहिली. मी तिला आत ओढलं, मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

आई माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरात त्या बंद दाराकडे पाठ करून बसू लागली. पोळ्या करायची, जेवायची, झोपायची. एकदा फक्त म्हणाली, "नदी शे ना वं जागावर?" दुसऱ्याच दिवशी मी नवा कठडा करायला मामांना बोलावलं.

शहाद्याच्या हार्डवेअरवाल्या शेठजींनी मला लोखंडी बूट दिले होते. बूट म्हणजे खाली सपाट पाटी, तिला बोल्टची भोकं आणि वर खांब बसवायला खोबण. खांब फळीवरच उभा राहतो, गाडावा लागत नाही. मामांनी एक बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि इतके हसले की खोकला लागला. "खांबले बूट? मोजा बी आनाना व्हता ना, मास्तरीन!" मी म्हटलं, "मामा, खाली पोकळी आहे. गाडणार कुठे? हवेत?" त्यांनी बूट बाजूला ठेवला आणि करवतीला धार लावायला घेतली. तिथेच मला संशय यायला हवा होता.

मी शाळेतून परत आले, तर कोपऱ्यातल्या फळीला मामांनी चौकोनी भोक पाडलेलं! सागाचा खांब त्यातून हातभर खाली सोडून चारही बाजूंनी पाचरी ठोकलेल्या. म्हणजे गाडलाच की हो शेवटी, आणि तोही हवेत! चांगली फळी वाया गेली. माझं डोकं सणकलं, पण मामांची पाठ आधीच खांबाला लागली होती आणि आई चटई काखेत मारून उंबऱ्यात उभी होती. मी बशी नेऊन दिली. मामांनी अंग सोडलं, खांब कुरकुरला, मागे कलला आणि सगळा चहा पांढऱ्या शर्टावर.

आईने चटई पुन्हा भिंतीला लावली. ते पाहिलं आणि माझा तोल गेला. "हेका सोडा आता मामा! तुमच्या गाडण्यापायी माझी आई खाली जाईल!" मामांनी हत्यारं गोळा केली आणि तोच डागाचा शर्ट घालून भर बाजारातून घरी गेले. लोकांनी विचारलं, तर म्हणे त्यांनी सरळ सांगितलं, "काम नापास व्हयनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध यायच्या आधी मामा दारात. "बूट कोठे शेत?" एवढंच. मग ते माचीखाली उतरले आणि बाभळीचे काटे बाजूला सारून बराच वेळ उताणे पडून वर बघत राहिले. मी वरून विचारलं, "काय बघताय?" खालून आवाज आला, "फळीवर बूट बसाडसू, पन फळीले कोन धरी? फळी बिचारी बोटभर जाड!" मग त्यांनी तुळयांच्या मधे सागाचे जाड ठोकळे घट्ट बसवले. लांब बोल्ट बुटातून, फळीतून, ठोकळ्यातून पार खाली काढले आणि खालून मोठे वायसर घालून नट आवळले. प्रत्येक खांब ओळंब्याने सरळ केला, मग वर हातधरीची आडवी दांडी बसवली. भोक पाडलेली फळीही मुकाट्याने बदलली. बाहेर येताना चेहरा असा खुललेला, की मी समजले, आता हे काहीतरी ऐकवणार. "देख मास्तरीन, गाडनाच ना! वरतीन नही तर खालतीन गाडना!" आता बोला! हसू आवरेना मला. पुढे तर चौकात ते बुटांचे गुण असे सांगायचे की जणू लोखंड त्यांनीच शोधलं. "पाय वल्ला व्हत नही, लाकूड सडत नही," म्हणे.

त्या संध्याकाळी पुन्हा बशी भरली. मामांनी नदीकडच्या कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावली आणि डोळे मिटले. बशीतला चहा जागचा हलला नाही. पिऊन झाल्यावर ते आईला म्हणाले, "ये बहीन. पन माले इचारीसन टेक."

आईने खांबावर तळहात ठेवला. "टेकू का रे भाऊ?"

"टेक ना बहीन. बिनधास टेक."

मग आईचा तो रोजचाच खेळ झाला. मामा असोत नसोत, टेकण्याआधी ती खांबाला विचारायची. मामा दर उन्हाळ्यानंतर येऊन नट आवळून जायचे, कारण लाकूड आकसतं. त्यासाठीचा पाना त्यांनी आमच्याच जिन्याखाली ठेवला होता. एकदा मलाही त्यांनी माचीखाली नेलं आणि पाना हातात दिला. "शीकी ठेव. मी काय जलमभर पुरसू?"

नाहीच पुरले. मागच्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. सुखाचं मरण, सगळे म्हणाले. आई दिवसकार्य होईपर्यंत माचीवर गेली नाही.

मग एका दुपारी मी साडी खोचली, पाना घेतला आणि खाली उतरले. बाभळीने हात ओरबाडले, पण एकूण एक नट आवळला. वर येऊन कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून अंग सोडून पाहिलं. खांब जागचा हलला नाही. संध्याकाळी आई बाहेर आली. खांबावर तळहात ठेवला.

"टेकू का रे भाऊ?"

ती टेकेना. नदीकडे बघत तशीच उभी राहिली. मी आत चहा गाळत होते. गाळणी खाली ठेवली आणि तिथूनच म्हणाले, "टेक ना बहीन. बिनधास टेक."

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण हसली. मग सगळं अंग सोडून टेकली आणि म्हणाली, "च्या आन वं. बशी भरीसन आन."