उलटवलेली कॉलर

सरकारी मदत घ्यायला माझ्या थोरल्या मामांइतका नालायक माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. मदतीसाठी जे जे लागतं ते सगळं त्यांच्याजवळ होतं. लहानपणी तापात उजवा पाय वाळलेला, उतारवयात दमा, पुढे हातांना कंप, मामी गेलेल्या, मूलबाळ नाही, शेत नाही. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कुणाचंही नाव निराधारांच्या यादीत एका अर्जात चढलं असतं. मामांचं नाव चढवताना माझे मात्र अर्धे केस पांढरे झाले.

निलंग्याकडच्या आमच्या गावात ते शिंपी होते. डाव्या पायानं मशीन चालवत. मी त्याच गावात शाळामास्तर. पोरांच्या वहीतला समास वाकडा दिसला की फूटपट्टी घेऊन तो पुन्हा आखायला लावणारा. त्यामुळे गावातले सगळे अर्ज माझ्याकडे येत, आणि मामांचा तर हक्कानं आला. खरं म्हणजे आला नाही, मीच तो मागून घेतला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता आणि दुष्काळात माणूस सगळ्यात आधी नवे कपडे शिवणं सोडतो. मामांकडे फाटक्या पोत्यांना ठिगळं लावायचं काम तेवढं उरलं. पुढे हात कापायला लागले आणि पोतीही येईनात. त्यांच्या घरात संध्याकाळची चूल पेटत नाही, हे मला शेजारणीनं सांगितलं. मामांनी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाले, "उन्हाळ्यात रात्रीचं जड खाऊ नये, गुरुजी." तेव्हा पौष महिना चालू होता.

उपकार नावाची वस्तू त्यांना पचतच नसे. पाण्याचा टँकर आला की बाया म्हणत, "मामा, घागर द्या, आम्ही भरून आणतो." हे काठी टेकत रांगेत उभे. "माझा नंबर नववा हाय," असं चारचौघांना ऐकवत. नववा नंबर आला की घागर भरून घ्यायची आणि लंगडत घर गाठायचं. घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी रस्त्यानं प्यायलेलं. एकदा मी चिडून म्हणालो, "मामा, तुम्ही रस्त्याला पाणी पाजता, स्वतःला नाही." ते शांतपणे म्हणाले, "रस्ता बी दोन साल कोरडाच हाय की रे."

अर्जाची पहिली खेप त्यांनीच बुडवली. आमचा जिल्हा नुकताच बदलला होता. लातूर जिल्ह्याचं ठाणं झालं, त्याच्या मिरवणुका निघाल्या, पाट्या रंगल्या. मामांना काही ते मान्य नव्हतं. मी अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून दिला, फक्त सही राहिली होती. त्यांनी सहीबरोबर 'लातूर' खोडून जुन्या जिल्ह्याचं नाव घातलं आणि अर्ज पाठवून दिला. दीड महिन्यानं तो परत आला.

"कामून खोडलंत?" मी विचारलं.

"जन्म गेला त्या जिल्ह्यात. मला कुणी विचारलं का बदलताना?"

"मामा, इथं जिल्हा महत्त्वाचा नाही, तुमचं पोट महत्त्वाचं आहे."

"पोट कुठल्या बी जिल्ह्यात हाय तिथंच राहतंय. तू लिही पुन्हा."

दुसरा अर्ज लिहिला, त्याला डॉक्टरांचा दाखला हवा म्हणून त्यांना लातूरला नेलं. जाताना मी बजावलं की साध्या कपड्यांत चला. एसटी स्टँडवर हे खळ घातलेलं धोतर, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि कपाळावर विभूतीच्या तीन रेघा अशा थाटात हजर. जणू सोयरीक ठरवायला निघालेत. मी मात्र भर उन्हात अर्ज-फाइली सांभाळून घामाघूम, बाहीला शाई लागलेला. दवाखान्यात आमचा नंबर आला. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि माझंच मनगट धरून म्हणाले, "किती वर्षांपासून त्रास आहे?" मामांनी तत्परतेनं उत्तर दिलं, "लहानपणापासून अशक्तच हाय बिचारा." दाखला मिळाला, पण त्यासाठी मामांचे मांडीखाली दाबून ठेवलेले हात मला ओढून बाहेर काढावे लागले. बाहेर येताच ते वाळल्या पानासारखे थरथरायला लागले. मामा डॉक्टरांकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले.

आता उरली होती तलाठ्याची चौकशी. तलाठी तरुण होता, सरळ होता. घरी येऊन माणूस काम करू शकतो की नाही हे बघायचं आणि अहवाल द्यायचा, एवढंच त्याचं काम. मी आदल्या दिवशी मामांना तासभर पढवलं. खाटेवर पडून राहायचं, कमी बोलायचं, विचारलं तर हात दाखवायचे. मामांनी "हाव" म्हटलं. तेवढ्यानंच मला शंका यायला हवी होती.

शाळा सुटल्यावर धावत गेलो तर तलाठी बनियनवर बसलेला, हातात चहाची कपबशी, तीही शेजारून मागून आणलेली. आणि मामा मशीनवर वाकून त्याचा निळ्या रेघांचा सदरा शिवतायत. तलाठी दारात आला तेव्हा मामांची नजर पहिल्यांदा त्याच्या कॉलरवर गेली. ती घासून फाटली होती. घरी आलेला पाहुणा फाटक्या कॉलरीनं परत जाणार, हे त्यांना कसं सोसावं? अंगातला सदरा काढून घेतला, कॉलर उसवली, फाटकी बाजू आत आणि कोरी बाजू वर अशी उलटवून पुन्हा शिवायला घेतली.

"मामा!" मी ओरडलो.

"शरणार्थ, गुरुजी," मामांनी मान वर न करता आमच्यातला नमस्कार घातला. "बसा. साहेबांचं एवढं होऊ द्या."

तलाठ्यानं माझ्याकडे दिलगिरीच्या नजरेनं पाहिलं. सदरा घालून तो गेला आणि त्यानं जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं, की अर्जदार शिवणकाम करतो. त्या रात्री मी मामांना काय काय बोललो ते आज आठवून लाज वाटते. ते म्हणाले, "उपाशी राहीन, पण माझ्या दारातून माणूस तसा जाणार न्हाई."

चार दिवसांनी तलाठी स्वतःच परत आला. सदरा घडी करून हातात आणला होता. त्यानं तो उलगडून खाटेवर पसरला. कॉलरची एक बाजू कानाला टेकेल अशी वर, दुसरी खांद्याकडे घसरलेली आणि टाके मुंग्यांच्या रांगेसारखे नागमोडी. "मामा, माझ्या बायकोनं दाखवलं मला," तो हळूच म्हणाला. मामांनी सदरा उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "ठेवून जा. नीट करून देतो." तलाठी म्हणाला, "राहू द्या," आणि तिथंच बसून त्यानं नवा अहवाल लिहिला. कामाचा नमुना पाहिला, अर्जदार शिवणकाम करण्यास असमर्थ. मी आनंदानं तो मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर मामांकडे पाहिलं आणि वाटलं, मनातल्या मनात वाचायला हवा होता.

निराधारांचा पगार सुरू झाला. संध्याकाळची चूल पेटायला लागली. पण मनिऑर्डर घेऊन पोस्टमन आला की दर वेळी मामांचं एकच, "त्या तलाठ्याला सांग, सदरा आणून दे." मी दर वेळी वैतागत असे. "मिळतंय ना, मामा? आता गप बसा. नीट शिवलीत तर पगार बंद होईल!" मी तो निरोप कधी दिला नाही. मध्येच त्यांनी माझ्याकडून लातूरहून निळ्या बारीक रेघांचं पाव मीटर कापड मागवलं. मी आणलं तर रेघ जाड निघाली म्हणून बदलून आणायला लावलं. मला वाटलं, उशीच्या अभ्र्याला ठिगळ लावायचं असेल. किती त्रास देतो हा म्हातारा, असं मनात म्हणत मी दोनदा त्या दुकानाची पायरी चढलो.

दीड वर्षानं, थंडीत, दम्यानं ते गेले. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी मशीनचा खण उघडला. आत दोरा, खडू, बोटात घालायचं अंगुस्तान आणि निळ्या रेघांची एक सुटी कॉलर. हातात घेतली तर कापडाची चाळण झालेली. शिवायचं, उसवायचं, परत शिवायचं. सुईच्या भोकांना मोजदाद नव्हती. शेवटची शिवण मात्र राहू दिली होती.

यादीतून नाव कमी करायला तलाठी आला, तेव्हा मी ती त्याच्यापुढे ठेवली. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं ती गळ्याशी धरली, बोटानं शिवणीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सरळ आलीय की हो, गुरुजी."

डावी बाजू दोराभर वर होती. मला ती पहिल्या नजरेलाच दिसली होती.

"हो," मी म्हणालो. "अगदी सरळ आलीय."