मॅडमच्या तळहातावरचा नारळ

रिसोडच्या धम्मदीपा मॅडम विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवतात. त्यांच्या संशोधन गटाला पीएचडीसाठी विद्यार्थीच मिळेना. गट बंद पडायची वेळ आली. म्हणून त्या कारंजा गावाजवळ शालिकराम या शेतकऱ्याच्या वांग्याच्या वावरात पोचल्या. त्याची मुलगी अंजू भूगर्भशास्त्रात एमएस्सी झालेली.

"पोरीले न्या, पण आदी बोअरची जागा दाखवा," म्हणत शालिकरामनं त्यांच्या तळहातावर नारळ ठेवला. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असं जमिनीतलं पाणी शोधणारे पाणाडे सांगतात.

जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणाऱ्या मॅडम निमूट वावरभर फिरल्या. बांधाशी नारळ टुणकन उभा राहिला.

"मॅडम, नारळाले अंगठा काहून लावला?" अंजू हसली.

"झाली तुही निवड! मले असाच डोळा पाहिजे."

"अन् बोअर?" शालिकराम ओरडला.

"पीएचडी झाली की हीच सांगंल."