नलिनीबाई आणि खाडीकाठची तिवरं

ओहोटीची वेळ बघून तास लावणाऱ्या प्राध्यापिका मी एकच पाहिल्या. नलिनीबाई पेणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, राहत रोह्याला. एसटीतून उतरल्या की मला पहिला प्रश्न, "आज पाणी कधी उतरतंय?" मी प्रयोगशाळेतला सहायक, खाडीकाठच्या गावचा.

कुणी म्हणालं, "मॅडम, निसर्ग संपला," की त्या विचारत, "मोजलंस? न मोजता रडायचं नाही, आणि न मोजता खूशही व्हायचं नाही."

आमच्या गावची भातशेती एका मातीच्या बांधाने खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधापुढे तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडी होती, ती सरपणासाठी तुटत चालली होती. बाईंनी मुलांकडून खोडं मोजून घेतली आणि वही घेऊन गावकीच्या बैठकीत गेल्या. "तिवरं गेली तर उधाणाची लाट सरळ बांधावर येईल."

मिठागरावर जन्म काढलेला धर्माकाका उठला. "मंग चूल कशावर पेटवू, बाय? तुज्या कागदावर?" सगळे हसले.

परतताना बाई म्हणाल्या, "माझ्या वहीत चूल नव्हतीच रे. चुकलंच माझं."

त्या पावसाळ्यात त्यांनी टेम्पोभर गिरिपुष्पाच्या फांद्या आणल्या. सरपणाला बरं, भराभर वाढणारं झाड. घरोघरच्या परसात ते लावून झालं, मग खाडीत तिवराची रोपं. ती सगळी भरतीने नेली. बाई चिखलात नुसत्या उभ्या राहिल्या. धर्माकाकाची बायको पारू म्हणाली, "तिथं पानी धावतं गो. त्या वळणाला लाव, चिखल थांबतो तिथं."

वळणावरची जगली.

काही वर्षांनी मोठं उधाण आलं. बाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. धर्माकाका चिंबोऱ्या घेऊन माझ्याबरोबर रोह्याला आला. "बाय, आपला बांध हालला नाय."

बाईंचे डोळे भरले. मग विचारलं, "आणि शेजारच्या गावचा?"

"फुटला. शेतं खारी झाली."

बाई म्हणाल्या, "त्यांना रोपं कोण देणार?"

"आमी देऊ. पारूनं पिशव्या भरल्या हायत."

दिवाळीनंतर बाई गेल्या. ती बातमी सांगायला मी शेजारच्या गावच्या बांधावर गेलो. पारू आणि चार बायका गुडघाभर चिखलात लावणी करत होत्या. ऐकल्यावर पारू हातातलं रोप धरून तशीच उभी राहिली. मग वाकून तिने ते लावलं, भोवतीचा चिखल दाबला. रडली ती बांधावर चढल्यावर.