जाऊबाईंचे तीन उखाणे

राजूरला गणपतीच्या देवळाजवळ माझ्या थोरल्या जाऊबाईंचं पेढ्यांचं दुकान. चतुर्थीला माणसं तिथं चपला काढून दर्शनाला जात. परतणाऱ्याचं नुसतं तोंड पाहून जाऊबाई नेमकी त्याचीच चप्पल पुढं सरकवत. नंबर नाही, चिठ्ठी नाही. लोक कौतुक करत आणि माझ्या पोटात दुखे.

कारण मला गॅसवर ठेवलेलं दूध आठवत नाही. आमच्या ह्यांनी बिटकॉइन घेतले, तेव्हा त्यांच्या चावीचे बारा इंग्रजी शब्द कुठंही लिहायचे नाहीत असं ठरवलं. आपण विसरलो तर असावेत, म्हणून ते पाठ करायला दिले जाऊबाईंना. बायको मी, आणि किल्ली जावेच्या कमरेला! आठवडाभर मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

सातवी शिकलेल्या जाऊबाईंनी शब्दांचे अर्थही विचारले नाहीत. चार-चार शब्द घालून सरळ तीन उखाणे रचले. ‘टायगरनं विंटरमधे लेमनची रिव्हरला दिली फोड, भगवानरावांची संगत गुळाहून गोड.’ पुतणीच्या डोहाळजेवणात बायकांनी आग्रह केला, तर तोंडात बसलेला हाच उखाणा भरल्या घरात घेऊन मोकळ्या. माझा जीव खालीवर. बायकांना कसली चावी नि कसलं काय, त्या हसून लोळल्या. माझ्या नवऱ्याच्या ठेव्यावर टाळ्या मात्र जाऊबाईंना.

मागच्या साली थोरले दीर गेले. मग जाऊबाईंना उखाण्याचा आग्रह कुणी करेना. त्यातच ह्यांचा फोन बिघडला. लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे बिटकॉइनमध्ये, ते नव्या फोनवर त्या बारा शब्दांशिवाय उघडेनात, आणि ह्यांना निम्मे शब्द आठवेनात. आम्ही राजूर गाठलं.

जाऊबाई पहिले चार शब्द म्हणाल्या आणि नावापाशी अडल्या. नाव गाळून पुढं जायला गेल्या, तर शब्दांची खिचडी झाली.

“नावाबिगर बराबर येऊ न्हाई राह्यले, भाऊजी,” त्या म्हणाल्या.

ह्यांनी मान खाली घातली. मीच उठून दार लोटलं. “मंग घ्या की नाव,” मी म्हणाले, “तुमचंच माणूस हाय.”

त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि तिन्ही उखाणे नावासकट घेतले, एकही शब्द न चुकता. दर वेळी ‘भगवानराव’ म्हणताना चक्क लाजल्या.

लेकीचा प्रवेश झाला. मी मात्र आता जास्तच जळते. गेलेल्या माणसाचं नाव घेताना ती बाई लाजली. माझा नवरा शेजारीच बसला होता. त्याचं नाव मी असं कधी घेतलं होतं, ते मला आठवेना.