वाटेवरची आडवी डहाळी

तो उन्हाळा ऐंशीच्या दशकाच्या मधला. मी एटापल्ली भागातल्या एका शाळेत मास्तर होतो आणि सुट्टीत लाल झेंड्याच्या मजूर संघटनेचं काम करायचो. पत्रकं लिहायची, सभेची खबर गावोगाव पोचवायची. तेंदूपत्त्याच्या दरासाठी आमचा लढा चालू होता. आमचं बोलणं जंगलातल्या बंदूकवाल्यांपर्यंत जायचं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोण नेतं ते कोणी विचारत नसे.

ठेकेदार चंद्रपुरात बसायचा. आमच्या समोर असायचा तो त्याचा मुन्शी, तालुक्याच्या मुसलमान मोहल्ल्यातला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. वीस वर्षं त्याच गावांतून सायकलीवर फिरलेला, माडिया बोली चांगली बोलणारा. फडावर, म्हणजे पत्ता मोजून घेऊन वाळवायच्या जागी, तो मालकाचा माणूस होता, पण गावातल्या लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बसवायचे.

त्या दिवशी सकाळी मी एका गावाला पायी निघालो होतो. वाट फुटते तिथं मोहाच्या झाडाखाली मुन्शी सायकल टेकवून उभा होता. वाटेवर ताजी हिरवी डहाळी आडवी टाकलेली. आत ढोल वाजत होते. पेरणीआधीचा पंडुम, म्हणजे गावाचा सण, चालू होता. डहाळी आडवी असेल तर बाहेरच्यानं आत जायचं नाही. गेला तर पीक बिघडतं, असं ते मानतात.

मुन्शी म्हणाला, "गुरुजी, पाय नोका टाकू. आज गाव बंद आहे."

मी हसलो. तुम्ही मुसलमान, तुम्हाला या झाडपाल्याचं काय, असं विचारलं. तोही हसला. म्हणाला की ज्याच्या गावात जेवतो त्याची वेस मोडत नाही. मग त्यानं सायकल वळवली. दुसऱ्या बाजूची सडक पोलीस चौकीवरून जात होती. तिथं शिपाई प्रत्येकाला तास तासभर बसवून ठेवत, चहा पाजत आणि नाही नाही ते विचारत. "बसवून ठेवतीन," तो म्हणाला, "पण पलीकडच्या फडावर आज जावंच लागते."

तो गेला. मी डहाळी ओलांडली. मला स्वतःलाच काहीतरी सिद्ध करायचं होतं. पहिल्या घराचं कुंपण दिसेपर्यंत गेलो. ढोल अचानक थांबले. कोणी दिसलं नाही, पण मी मागे फिरलो. धुळीत माझ्या टायरच्या चपलेचे ठसे उमटले होते. मी ते पुसले नाहीत.

दोन दिवसांनी दुपारी आमची सभा भरली. खाणीच्या भागातून आलेले आमचे सेक्रेटरी बोलले की मुन्शी तासभर चौकीत बसला होता, चहा घेत होता, आमच्या माणसांनी पाहिलं. लोकांना ते पटलं नाही. मुन्शीला ते ओळखत होते. त्या गावचा भूमिया पुढेच बसला होता. गावाची पूजा त्याच्याकडे, आणि त्याचा शब्द गाव मोडत नसे. सेक्रेटरीचं बोलणं त्यानं नीट ऐकलंही नसावं. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. डहाळी कोणी तरी ओलांडली होती. ठसे चपलेचे होते, आणि त्यांच्या गावात चपला कोणी घालत नव्हतं. एका गुराख्यानं फाट्यावर मुन्शीची सायकल पाहिली होती.

तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी त्याच वाटेनं आल्ते. तिथी कोन होता?"

गावाच्या रीतीला धक्का लावू नका, असं सेक्रेटरींनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. ते माझ्याकडेच पाहत होते. मी म्हणालो, "मुन्शी दिसले होते."

शब्द न् शब्द खरा होता. भूमियानं मान खाली घातली आणि पुन्हा वर केली नाही. मागून कोणी तरी बोललं, "हे लोक असेच." माणसाला धर्म विचारू नये, असं पत्रक मीच महिन्याभरापूर्वी लिहिलं होतं. सेक्रेटरी काही बोलले नाहीत. मीही नाही. मुन्शीला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं असतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढचे तीन दिवस फडावर कोणी मुन्शीशी बोललं नाही, असं नंतर कळलं. पाणीसुद्धा त्यानं स्वतःच काढून घेतलं. चौथ्या दिवशी भर उन्हात जंगलातून चार माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. फडावर चाळीसएक लोक पत्ते उलटत होते. कोणी उठलं नाही. संध्याकाळच्या आत तो नाल्याजवळ सापडला. छातीवर कागद होता, 'पोलिसांचा खबऱ्या'.

तालुक्यात मोहल्ला बंद झाला. आमच्या कचेरीवर दगड पडले, झेंडा उतरवला गेला. आमची पोरं जाब विचारायला गेली आणि मोहल्ल्यातल्या एका शिंप्याचं दुकान जळून गेलं. आमचे झेंडे त्याच शिंप्यानं शिवले होते. पावसाआधी बरीच घरं बल्लारपूरकडे निघून गेली.

शाळा उघडली त्या आठवड्यात मुन्शीची बायको आली. व्हरांड्यातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. नवरा चौकीत गेला होता हे तिला पटत होतं, सडकेनं जाणारा प्रत्येक जण तिथं अडतोच. तिला वेगळंच कळत नव्हतं.

"भाऊ, त्या गावचे लोक त्यायले घरचा मनत होते. त्यायनं काऊन नाई अडवलं?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. ती थोडा वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिली. मी चपला काढून आत गेलो. ती कधी गेली ते पाहिलं नाही.

भूमिया वारला. सेक्रेटरीही वारले. ती बाई बल्लारपुरात मुलीकडे असते. आता तिला दिसत नाही असं ऐकतो, म्हणजे हे मुलीलाच तिला वाचून दाखवावं लागेल. म्हणून शेवटचं सोपं करून लिहितो. तुमचा माणूस डहाळी पाहून परत फिरला होता, आणि त्याच कारणानं चौकीच्या सडकेला लागला. ओलांडली ती मी. गावानं अडवलं नाही, कारण गावाला मी हे सांगितलं नाही.