चूक ड्रायव्हरमामांची नव्हती

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या माणसाला सगळे जोडकाका म्हणत. खरं नाव मालकांनाही आठवून सांगावं लागे. कुठल्या बोर्डावर कुठली चिप चालते, कुठलं ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटच्या कुठल्या डब्यात मावतं, त्याला पॉवर सप्लाय केवढा लागतो, सगळं तोंडपाठ. लोक गमतीनं म्हणत, काकांनी लग्नं जमवायला घेतली असती तर एकही घर मोडलं नसतं.

एका सकाळी त्यांच्याकडे एक ड्रायव्हर आले. एकतीस वर्षं बस चालवलेले; पण डेपोत उभ्या उभ्या एकदा फिट आली आणि लायसन्स गेलं. त्यांना गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता, बस चालवायचा गेम खेळायला.

"मामा, जोडून तयारच देतो की," काका म्हणाले.

"नको. मी स्वतः तपासल्याशिवाय कधी गाडी बाहेर काढली नाही. तुम्ही फक्त एकमेकांशी पटणारे भाग द्या. जोडणार मीच."

काकांना माणूस आवडला. तासभर यादी चालली. मामा प्रश्नही नेमके विचारायचे. "हे कार्ड लांबलचक आहे, डब्याचं झाकण लागेल ना?" "हा पंखा उंच नाही होणार?" शेवटी राहिला बोर्ड. यादीतला बोर्ड संपला होता. फळीवर मात्र त्याच जातीचे दोन जुने बोर्ड दीड वर्ष धूळ खात पडले होते आणि मालक रोज त्यावरून टोमणे मारायचे. खाच तीच, त्यामुळे मामांची नवी चिप त्यात बसणार होती. पण बोर्डाच्या आतला प्रोग्राम जुना, म्हणून तो तिला ओळखणार नव्हता. दुसरी जुनी चिप लावून प्रोग्राम नवा करायचा, की झालं. पंधरा मिनिटांचं काम. काका ते करणारही होते, पण मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"बसेल ना हा?" मामांनी विचारलं.

"डोळे मिटून बसवा!"

बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे काकांनी पोटातच ठेवलं.

चौथ्या दिवशी मामा अख्खा डबा छातीशी धरून आले. काउंटरवर लावून पाहिलं तर पंखे फिरत होते, पण पडदा काळाच. काकांना क्षणात उमगलं. पण शेजारी मालक उभे, समोर चार गिऱ्हाइकं, आणि जीभ घसरली ती घसरलीच. "पहिल्यांदा जोडताना होतं असं, मामा. चिप बसवताना हात जड पडला असेल."

मामांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "असेल. गोळ्या सुरू झाल्यापासून थरथरतात जरा."

भांडले नाहीत, बदलून मागितलं नाही. डबा उचलून निघून गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

त्यानंतर काकांना अन्न गोड लागेना. बायकोनं काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसले. बिलावर मामांचा पत्ता होता. रोज ठरवायचे, आज जाऊ. रोज काहीतरी सबब सापडायची. मन आतून खात होतं आणि तोंड बाहेर गिऱ्हाइकांना सल्ले देत होतं.

आठव्या दिवशी एक बाई स्टीअरिंगचं खोकं घेऊन आल्या. "भाऊ, हे परत घेता का? सीलसुद्धा फोडलेलं नाही. आमच्या ह्यांनी गेमसाठी इथूनच घेतलं होतं, बस ड्रायव्हर होते ते."

"का, मामी? काय झालं?"

"लेकीकडे तो गेम बघितला त्या दिवशी सहा महिन्यांनी पोटभर जेवले होते. आता कपात चहासुद्धा स्वतः ओतत नाहीत. म्हणतात, लायसन्स काढून घेतलं ते बरोबरच केलं."

काकांनी खोकं परत त्यांच्या हातात दिलं. "मामी, हे घरी न्या. मी तुमच्याबरोबर येतो." ड्रॉवरमधली जुनी चिप आणि पेनड्राइव्ह खिशात टाकून ते निघाले.

डबा पलंगाखाली, बॅगांच्या मागे ढकललेला होता. मामा खुर्चीत बसून होते. काका उभेच राहिले.

"मामा, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. बोर्डच तुमच्या चिपला ओळखत नव्हता. मी खोटं बोललो."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"विकताना."

"आणि मी परत आलो तेव्हा?"

"तेव्हाही."

मामांनी पलंगाखालच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकदा ब्रेक निकामी झाला आणि मेकॅनिकनं लिहिलं, ड्रायव्हरची चूक. मी वरपर्यंत भांडलो, ते वाक्य खोडायला लावलं. तुमच्याशी का नाही भांडलो? कारण मला ते पटलं."

काका पलंगापाशी वाकले. डब्याकडे हात गेला तसे मामा कडाडले, "हात लावू नका! नुसतं सांगा."

काका सांगत गेले, मामा करत गेले. हात थरथरायचे, मग मामा थांबायचे, थरथर ओसरू द्यायचे आणि अलगद चिप ठेवायचे. प्रोग्राम नवा झाला, नवी चिप पुन्हा बसली, पडदा उजळला. मामांनी काकांकडे पाहिलंही नाही. "अगं, इकडे ये!" एवढंच ओरडले.

गेममधल्या पहिल्या थांब्यावर बस फुटपाथपासून जरा लांब उभी राहिली. मामा चुकचुकले, आरसे बघून मागे घेतली आणि पुन्हा नीट लावली. मामी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

काका निघाले तेव्हा मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "माझी चूक तुम्ही चारचौघांत सांगितलीत. आता तुमचीही तिथेच सांगा."

दुसऱ्या दिवशी भर दुकानात काकांनी आपली चूक सांगितली. एका गिऱ्हाइकानं यादी घडी करून खिशात घातली आणि ते पायरी उतरून गेलं. "गाजावाजा करायची काय गरज होती?" मालक फणफणले. दुपारी काकांनी फळीवरचा उरलेला बोर्ड काढला आणि त्याचाही प्रोग्राम नवा करून ठेवला.

चार महिन्यांनी मामा मेमरी वाढवायला आले. काका रिकामेच होते, तरी मामा पलीकडच्या काउंटरच्या रांगेत वीस मिनिटं उभे राहिले. काका काच पुसत राहिले. जाताना मामांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली की नुसतीच वळवली, ते काकांना नीट कळलं नाही. हाक मारून विचारायचं धाडस काही झालं नाही.